बोट दाखवायचं ते वाटेकडे

५ सप्टेंबर

वन्सं,

चिडलीस ना? म्हणजे वाचते आहेस. लग्न होऊन घरात आले तेव्हापासून 'वन्सं' म्हटलं की तू नाक मुरडतेस, म्हणून मुद्दामच तशी सुरुवात केली. रागाने का होईना, पान उलटशील.

पत्ता कसा मिळाला ते आधी सांगते, नाहीतर घरात कुणीतरी फितूर झालं असं वाटायचं. आपले दीपगृहवाले काका नवा चष्मा करायला तुझ्या शहरात आले होते. परतले ते सरळ आमच्या शेडमध्ये. म्हणाले, "दुकानातल्या मुलीने डोळ्यांपुढे काच धरली आणि विचारलं, आता लांबचं दिसतंय का? म्हटलं, लांबचं दिसतंय आणि जवळचंही दिसतंय, तू त्या कयाकवाल्याची धाकटी बहीण ना?" तू म्हणे चष्म्याची डबी पुसत राहिलीस. डबी नवीकोरी होती, असंही काका म्हणाले. त्यांना आता खरंच जवळचं दिसायला लागलंय.

लाटेमागची लाट आणि तिच्याही मागची लाट ओळखणारे तुझे डोळे, आणि तू लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावतेस. बरं, ते जाऊ दे.

आमचं छान चाललंय. शेडवर नवा पत्रा घातला. लोकांच्या फुटक्या कयाक बोटी येतात, तुझा दादा प्लॅस्टिक वितळवून त्या सांधतो, मी पाण्यात नेऊन बघते. शिकायला येणाऱ्यांचा वर्गही आता मीच घेते. परवा बँकेतले एक साहेब आले होते. पहिल्याच पलटीला एवढं पाणी प्यायले की वर आल्यावर म्हणाले, "मीठ जरा जास्त झालंय." दादाचा खांदाही छान आहे. वरच्या फळीवरचे रंगाचे डबे तेवढे मी खाली आणून ठेवलेत, उगीच कशाला हात वर करायचा. आणि कामाचं टेबल त्याने फिरवून घेतलंय. पूर्वी समुद्राकडे तोंड असायचं, आता भिंतीकडे असतं. म्हणतो उजेड डोळ्यांवर येतो.

आणि माझं विचारू नकोस! लाटेच्या अंगावर बोट गरागरा फिरवून भोवरा घेते. बोटीचं नाक पाण्यात खुपसून अख्खी कोलांटी मारते आणि त्याच लाटेवर परत उभी. "वहिनी, कमरेतून वळ गं, हातांनी काय झाडू मारतेस!" असं तू जिला टेकडीवरून ओरडायचीस ती वहिनी राहिली नाही आता. स्वतःच्या तोंडाने सांगते आहे, कारण सांगणारं दुसरं कुणी इथे उरलेलं नाही.

लिहायचं कारण एवढंच की तुझा घागरा इथे राहिलाय. खुंटीवरच आहे, रबर अजून तडकलेलं नाही. पाठवू का?

तुझी वहिनी


१९ सप्टेंबर

वन्सं,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. खोटं कशाला बोलू, होती. पोस्टमन सायकलवरून उतरला की मी हातातलं काम टाकून दारात.

आडून आडून लिहिणं मला जमत नाही. घागऱ्याचं निव्वळ निमित्त होतं. कमरेला बांधून बोटीच्या तोंडावर घट्ट बसवायचं ते रबरी झाकण, ते काय कुणी टपालाने मागवतं? पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी विचारलं होतं, "हा कसला घागरा?" आणि तू हसून हसून वाळूत लोळली होतीस. तेव्हापासून आपल्या घरात त्याचं नाव घागराच. तर घागरा राहू दे खुंटीवर. मला तू हवी आहेस. टेकडीवर.

या मोसमात आत्याबाई येणार. दीपगृहवाले काका म्हणतात, जेटस्कीवालाही म्हणतो. लांबच्या खडकाळ पट्ट्यावर क्वचित उठणाऱ्या त्या लाटेला तूच हे नाव ठेवलंस, न कळवता येते आणि आली की घर डोक्यावर घेते म्हणून. मला तिच्यावर जायचंय. तुझ्या दादानंतर आपल्या इथून तिच्यावर कुणी गेलेलं नाही. आणि गेलं तर मीच जाणार, दुसरं कुणी नाही.

आता जे कुणी बोलत नाही ते मी बोलते. अंगावर लाट असताना माणसाला दिसतं काय? मागे पाण्याची भिंत, पुढे फेस, कानात नुसता गडगडाट. टेकडीवरच्या माणसाचा केशरी हातमोजा तेवढा दिसतो. उजवीकडून लाट कोसळायला लागली तर डावीकडे निघायचं, डावीकडे तो दाढेसारखा खडक, आपली 'दाढ', उघडी पडली असेल तर उजवीकडे. पाण्याखाली दबा धरून बसलेला तो खडक बोटीतून दिसत नाही, टेकडीवरूनच दिसतो. म्हणून आपल्यात पहिला नियम शिकवतात तो हाच: बोट दाखवायचं ते वाटेकडे, धोक्याकडे कधीच नाही. कारण बघणाऱ्याला एवढंच कळतं, की तिकडे जा.

त्या दिवशी दादा आत्याबाईवर असताना पाणी ओढलं गेलं, दाढ उघडी पडली, ती तुला दिसली आणि तुझा हात तिच्याकडे गेला. दादाने हात पाहिला आणि तो तिकडे गेला. झालं ते इतकंच.

मग ते हॉस्पिटल. खांद्यात पट्ट्या घातलेल्या, भूल पुरती उतरलेली नाही, मी शेजारी संत्रं सोलत बसलेली. तू म्हणालीस, "दादा, हात आपोआप गेला रे." आणि तो म्हणाला, "हात आपोआप जात नसतो. पाठवावा लागतो." मी "अरे, आत्ता नको" म्हणेपर्यंत तू पिशवी उचलली होतीस. ते संत्रं माझ्या हातात तसंच राहिलं.

दोन मोसम झाले. तो तुझं नाव काढत नाही. मी काढलं की एकच वाक्य, "तिने बोट दाखवलं." आणि या वाक्यात तो स्वतः कुणाकडे बोट दाखवतोय ते त्याला कळत नाही. एका बोटापायी एक बोट गेली आणि तिच्याबरोबर बहीणही गेली. बोट पुन्हा बनवली त्याने, नवी, लाल. दुसरीचं काय करायचं ते त्याला येत नाही.

मला तुझ्या हाताची भीती वाटत नाही. सांगून ठेवते. तू उभी राहिलीस तर तुझ्या बोटाकडे बघून मी डोळे झाकून वळेन. नाही आलीस तर दुसऱ्या कुणालातरी उभं करीन, कारण जायचं तर आहेच. पण ये.

खूप आठवण येते गं. वर्गातल्या कुणालाही मी तुझ्यासारखं हसताना पाहिलेलं नाही.

तुझी वहिनी


२ ऑक्टोबर

वन्सं, वन्सं, वन्सं!

कार्ड आलं. ना मायना, ना सही, नुसतं एक वाक्य: "घागऱ्याची दोरी बाहेर ठेव."

पोस्टमन म्हणाला, "वाईट बातमी आहे का?" मी म्हटलं, "छे हो, प्रेमपत्र आहे." तो बिचारा पुन्हा पुन्हा कार्डाकडे बघत होता. त्याला काय सांगू, की घागरा बसवताना पुढची दोरी घाईत आत अडकली तर उलट्या बोटीतून सुटायला धरायचं काहीच उरत नाही? आणि माझी ती सवयच आहे? आणि ते फक्त तुलाच माहीत आहे, कारण दर वेळी पाण्यात उतरण्याआधी तूच येऊन ती ओढून बाहेर काढायचीस आणि वर माझ्या हेल्मेटवर टपली मारायचीस? टपलीसुद्धा आली कार्डातून. लागली मला.

कार्ड मी शेडमध्ये टाचणीने लावलं, डिंकाच्या डब्यांच्या वर, जिथे दादाची नजर गेल्याशिवाय राहणार नाही. गेली. अक्षर ओळखलं. फुंकर मारून टेबलावरचा भुसा उडवत बसला. पण दुसऱ्या दिवशी बघते तर वर्गातले सगळे घागरे खुंट्यांवर उलटे करून टांगलेले, एकूणएक दोरी बाहेर! मी विचारलं, "हे कुणी केलं?" तर म्हणतो, "वारा असेल." वाऱ्याला म्हणे दोऱ्या काढता येतात.

पण येणार की नाही ते तू लिहिलं नाहीस.

इकडे मी काकांना उभं करून पाहिलं. नवा चष्मा, म्हटलं बघू तरी. साध्या लाटांवर सराव होता. मी लाटेवरून मान वर केली तर काकांचे दोन्ही हात हवेत! मी गोंधळून फेसात गडगडले, नाकातोंडात वाळू गेली. वर जाऊन विचारलं, "काका, हे काय?" म्हणाले, "मासेमारीची बोट जात होती गं, ओळखीचे होते, हात केला." जेटस्कीवाल्याला वर ठेवता येत नाही, उलटले तर मला उचलायला तोच खाली हवा. तेव्हा जागा रिकामी आहे. तुझीच आहे.

तुझी वहिनी


१० ऑक्टोबर

वन्सं,

घाईत लिहिते. समुद्रात लांब वादळ उठलंय, हवामानवाले सांगताहेत. त्याचं पाणी एकदोन दिवसांत इथे पोचेल. आत्याबाई निघाल्या आहेत. तुझं उत्तर आता वेळेवर यायचं नाही, मला कळतंय.

टेकडीवर तुझा दादा उभा राहणार आहे.

हो, तोच. जेवताना मी म्हटलं, कुणी नाही मिळालं तर तशीच जाते. हे म्हणताना आवाज कापला, ते त्याला कळलं असावं. घास खाली ठेवला आणि म्हणाला, "मी उभा राहतो."

"तू? तू कधी वर उभा राहिलास? तू कायम पाण्यात."

"त्यात काय एवढं? बघायचं आणि बोट दाखवायचं. वाटेकडे. नियम मला माहीत नाही का?"

"आणि हात?"

"डावा आहे की."

आता तुला खरं ते सांगते. खांदा छान नाही. उजवा हात कानाच्या वर जात नाही. शर्ट घालताना मला हाक मारावी लागते आणि तो ती मारत नाही, दार लावून झगडत बसतो. पहिल्या पत्रात मी उगीच थाप मारली. तुला वाईट वाटू नये म्हणून, आणि मला लिहवेना म्हणूनही.

पण तो समुद्राकडे तोंड करून उभा राहणार आहे, हे काही कमी नाही. आणि मी तयार आहे. लाल बोट घेऊन जाते आहे, त्याचीच. तू मात्र मनातल्या मनात तरी टेकडीवर ये.

तुझी वहिनी


१४ ऑक्टोबर

वन्सं,

आधी हे वाच: मी धडधाकट आहे. हनुवटीला टाके, एक नख गेलं, आवाज बसलाय. आवाज बसला म्हणून घरातली माणसं खूश आहेत.

गेले मी आत्याबाईवर. गेले!

किनाऱ्यावर घागरा बसवला, पॅडल उचललं, आणि तुझं कार्ड आठवलं. खाली बघते तर दोरी आत. अगं, आतच! तुझ्या नावाने स्वतःच्या हेल्मेटवर एक टपली मारली, दोरी बाहेर ओढली आणि निघाले.

पट्ट्यापाशी कितीतरी वेळ नुसती तरंगत होते. मग पाणी शांत झालं, जेटस्कीवाल्याने शिटी मारली आणि क्षितिजावर ती उठली. मी जीव खाऊन वल्हवलं. बोटीची शेपटी उचलली गेली आणि मग एकदम सगळं सोपं झालं. पाणी काचेसारखं, मी त्याच्यावरून खाली, खाली, आणि अजूनही खालीच. भीती वाटली होती, तुला सांगायला हरकत नाही, पण ती वर राहिली आणि मी पुढे निघाले. मध्यावर आल्यावर मला राहवेना. मारला भोवरा! आत्याबाईच्या अंगावर! जेटस्कीवाला साक्षीला आहे, खोटं वाटलं तर त्याला विचार.

मग मान वर केली. टेकडीवर केशरी हातमोजा. डावीकडे.

मनात आलं, डावीकडे? तिकडे तर दाढ आहे. पण पाणी भरपूर असेल, उजवी बाजू कोसळत असेल, वरून दिसतं ते मला दिसत नाही. दिसलं असतं तर माणूस उभा कशाला केला असता? नियम म्हणजे नियम. मी वळले.

आणि समोर दाढ. काळीभोर, अंगावरून पाणी ओघळतंय.

पुढे काय केलं ते तूच शिकवलेलं आहेस, तलावात, मी कुरकुर करत असताना. लाटेच्या बाजूला मुद्दाम उलटले. अंग पाण्यात खोल गेलं की त्याचाच नांगर होतो आणि बोट अडते. अडली. तरी तिचं नाक आदळलंच, तो आवाज मला दातांत ऐकू आला. पलटी घेऊन वर यायला गेले तर लाटेने पॅडल हिसकावून नेलं. सगळा अंधार, डोकं खाली, कुठलं वर नि कुठलं खाली. हात पुढे नेला. दोरी होती. ओढली.

तू इतक्या लांबून ती ओढून ठेवली होतीस. मी जिवंत आहे ती तुझ्यामुळे, आणि हे मी कुणापुढेही सांगेन.

जेटस्कीवाल्याने मला मांजरीच्या पिल्लासारखं मानेकडून उचललं आणि किनाऱ्यावर आणलं. लाल बोटीचं नाक दाढेवरच राहिलं, राहू दे. सगळे धावत आले, काकासुद्धा. फक्त तुझा दादा आला नाही. मी ओल्या कपड्यांनीच टेकडी चढले. चढताना काय काय बोलायचं ते सगळं तयार केलं होतं, तुझी वहिनी आहे मी, तुला माहीतच आहे.

तो दगडावर बसला होता. हातमोजा अजून हातात होता. डावा हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत होता, कुणा परक्याचा हात असावा तसा. मला पाहिलं, चाचपून पाहिलं, हनुवटीचं रक्त बाहीने पुसलं. मग म्हणाला,

"हात आपोआप गेला."

आणि लहान मुलासारखा रडायला लागला. म्हणाला, "दाढ उघडी पडलेली दिसली गं. दुसरं काही दिसेचना. नियम माहीत होता. तरी हात गेला."

मी काही बोलले नाही. मी, बरं का! तयार केलेलं सगळं गिळलं. कारण मला बोलायची गरजच नव्हती. थोड्या वेळाने तो स्वतःच म्हणाला, "ती अगदी हेच म्हणाली होती." मग म्हणाला, "आणि मी काय म्हणालो तिला?"

मग आम्ही दोघं खाली आलो. त्या दिवशी त्याने शर्ट घालताना मला हाक मारली.

आता या पत्राबद्दल. याच्यावर तिकीट नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. ज्याने ते तुझ्या हातात दिलं तो अजून दारातच उभा असेल. दोन दिवस मला सांगत होता, "तूच लिही, मला लिहिता येत नाही." मी म्हटलं, लिहिते, पण पोचवायचं तू. बसमध्ये काय बोलायचं ते सगळं ठरवून येईल आणि दारात आल्यावर त्यातलं एक अक्षरही त्याला आठवणार नाही. पिशवीत तुझा घागरा आहे आणि हातमोजाही आहे, धुऊन वाळवून, त्यानेच. पुढच्या खेपेला आत्याबाई येईल तेव्हा तो तुझ्या हातात असेल, असं मी ठरवूनही टाकलंय. तुझं काय ठरतंय ते तू बघ.

रागावली असशील तर रागव, तुझा हक्क आहे. बोलावंसं वाटलं नाही तर बोलूही नकोस. नुसतं घरातल्या खुर्चीकडे बोट दाखव.

तो जाईल तिकडे. नियम त्याला माहीत आहे.

तुझी वहिनी